सातव्या खंडाच्या पाठीतल्या गोळ्या

४ जून

प्रिय मावशी,

पाकीट फोडण्याआधी तू ते उलटंपालटं करून डिंक कसला लावलाय ते बघणार, हे मला ठाऊक आहे. आमच्या रंगाच्या कारखान्यातला आहे, डब्यांवर लेबलं चिकटवायचा. नाक मुरडून झालं की पुढे वाच.

फोन केला असता, पण आई महिनाभरापासून माझ्याकडे मुक्कामाला आहे आणि तुझ्या या थोरल्या बहिणीचे कान तुला माहीतच आहेत. मी न्हाणीघरात पुटपुटले तरी ती गॅलरीतून उत्तर देते. मला जे विचारायचंय ते तिच्या कानावर गेलं तर घरात रडारड होईल.

तर, पाचवा महिना चालू आहे. बाळ मजेत आहे, आता हलतंय ते कळतं. बिनसलंय ते बाळाच्या आईचं. गेल्या दोन्ही तपासण्यांना बीपी दीडशेच्या वर निघालं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ. शिवाय घरी यंत्र आणून रोज मोजायचं आणि वहीत लिहायचं. मी आणि बीपी! अगं, तीन मजले चढून प्रयोगशाळेत जाते आणि वर बसलेल्या शिपायालाच विचारते, दम लागला का म्हणून. मला ना डोकेदुखी, ना चक्कर. मला वाटतं ते यंत्रच मला घाबरतं.

गोळ्या घेतेय. पण दर गोळीला डोळ्यांसमोर निवांतदादा येतो. रागावू नकोस हं. चार नातेवाईक जमले की लहानपणापासून एकच गोष्ट ऐकलीय: मावशीला पोटुशी असताना बीपीच्या गोळ्या दिल्या, म्हणून दादा साडेतीन वर्षांचा होईपर्यंत बोलला नाही, एका इयत्तेत दोनदा बसला, आणि आजही 'जेवलास का' विचारलं तर उत्तर येईपर्यंत ताट वाळून जातं. दादा माझा लाडका आहे, तुला माहितीय. पण मावशी, माझ्या पोटातल्याचं काय?

खरं खरं सांग. गोळ्यांनीच झालं का ते? तू जे सांगशील ते मी ऐकेन. डॉक्टरीणबाई शिकलेल्या आहेत, पण तू भोगलेलं आहेस.

तुझी,
भिंगरी

---

१२ जून

प्रिय भिंगरी,

डिंक भिकार आहे. पाकीट माझ्या हातात येईपर्यंत आपणहून उघडलं होतं. लेबलं गळून पडत असतील आणि गिऱ्हाईक निळ्याच्या जागी पांढरा फासत असेल.

तुझी बातमी वाचून आधी आनंद झाला आणि मग काळजीने घेरलं. हे दोन्ही एकाच खुर्चीत बसून, हातात खळ घेऊन. खळ सुकली. ग्रंथपाल येऊन म्हणाले, 'बाई, पुस्तक शिवताय की न्याहाळताय?' तेहतीस वर्षं या ग्रंथालयात पुस्तकं बांधतेय, पण त्यांना अजून माझा भरवसा नाही. बरोबरच आहे त्यांचं. परवाच मी एक शब्दकोश उलटा शिवला.

निवांतरावांचं म्हणशील तर स्वारी ठणठणीत आहे. लिफ्ट दुरुस्तीच्या कामात त्याचं नाव आहे. मध्ये अडकलेली माणसं आरडाओरडा करतात, आणि हा बाहेरून एवढंच म्हणतो, 'आहे मी. होईल.' म्हणे त्या आवाजाने लोक खाली बसून घेतात. वेळ लागतो, पण त्याने एकदा हात लावलेली लिफ्ट पुन्हा बंद पडत नाही. घरी मात्र मी त्याला सकाळी मीठ आणायला सांगते ते उद्याच्या भाजीसाठी.

तू विचारलंस त्याचं काय सांगू? तीस-एकतीस वर्षं झाली. त्या वेळच्या गोळ्या वेगळ्या, आताच्या वेगळ्या. मला फार आठवत नाही. लोक काय, काहीबाही बोलतात. आईचं काळीज मात्र कळतं, एवढं खरं. तू फार विचार करू नकोस, आनंदात राहा, मीठ कमी खा.

तुझी,
चिकट हातांची मावशी

---

२५ जून

प्रिय मावशी,

तुझं पत्र दहादा वाचलं. तू गोष्ट टाळलीस तेव्हाच मला कळलं. गोळ्यांचा दोष नसता तर तू सरळ 'छे!' म्हणून मोकळी झाली असतीस. तू दादाला जपलंस, त्याच्याबद्दल वाकडं लिहवलं नाही तुझ्याच्याने. आणि 'आईचं काळीज कळतं' म्हणालीस. मला कळलं.

आठ दिवसांपूर्वी गोळ्या बंद केल्या. कुणाला बोलले नाही. आई समोर उभी राहते, म्हणून गोळी गालात धरते, पाणी पिते, मग हळूच रुमालात काढते आणि कामावर गेल्यावर नमुन्याच्या डब्यात टाकते. 'सायंकाळची राख' नावाची छटा आहे, कुणी घेत नाही.

आता माझी खरी करामत ऐक. रोजची वही मीच भरते. १२२ आणि ८०. १२०-७८. १२४-८०. यंत्र काय दाखवतं ते बघतच नाही, पट्टा दंडाला गुंडाळते आणि खिडकीबाहेर बघते. प्रयोगशाळेत पांढऱ्याच्या अठरा छटांमधला केसाएवढा फरक पकडून मी आख्खा माल परत पाठवते. कामगार मला 'डोळा' म्हणतात. आणि घरी येऊन हा डोळा वहीत थापा मारतो! माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं तर त्याला मी दारातून आत घेतलं नसतं.

तपासणीच्या दिवशी नर्स वही चाळून म्हणाली, 'बाई, रोज इतकं सारखं? भिंतीचं मोजता की काय?' मी हसले. ती हसली नाही. तिने स्वतः मोजायचं म्हटलं तर मी कारखान्याची गाडी सुटतेय सांगून पळ काढला.

दोन दिवस डोकं जरा जड आहे. रंगाचा वास असेल. पण मन हलकं आहे, ते तुझ्यामुळे.

तुझी,
भिंगरी

---

२९ जून, सकाळ

भिंगरे,

हे वाचतेस ती जागा सोड आणि दवाखान्यात जा. आधी जा, मग वाच. नाही, तू ऐकणार नाहीस, मीही ऐकलं नसतं. मग उभ्या उभ्या वाच.

पत्र आत्ता मिळालं. तुला फोन लावला, तो कारखान्याच्या कपाटात वाजत असणार. ताईला लावला आणि म्हटलं, पोरीला आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे ने. ती म्हणाली, का? मला खरं सांगता आलं नाही. म्हटलं, मला वाईट स्वप्न पडलं. ती म्हणाली, तू चहा कमी कर. ठेवला फोन. म्हणून हे पत्र निवांतच्या हाती देतेय. तो तुमच्याकडच्या एका इमारतीत लिफ्ट बघायला निघालाच आहे. तुझ्या हातात दिल्याशिवाय हलायचं नाही असं बजावलंय. पाकीट दोनदा चिकटवलंय, माझ्या खळीने. त्याने आत बघू नये म्हणून.

कारण आत हे आहे: मी त्या गोळ्या घेतल्याच नाहीत.

एकही नाही, असं नाही. पहिल्या चार घेतल्या. मग आमच्या बांधणीच्या खोलीतली एक बाई म्हणाली, या गोळ्यांनी मूल मंद होतं. तिला कुणी सांगितलं? देव जाणे. ती स्वतः पुठ्ठे कापायची. पण मला पटलं, कारण मलाही ना डोकेदुखी होती, ना चक्कर. तुझे काका परगावी नोकरीला, म्हणून ताई माझ्याजवळ राहायला आलेली. पेला घेऊन समोर उभी राहायची. मी गोळी गालात धरायचे, मान मागे टाकून घटाघट पाणी प्यायचे. तुला वाटलं ना, तुझी युक्ती नवी आहे? बाळे, ती आपल्या घरातली आहे. आणि दोन्ही वेळी पहारा एकीचाच, बिचारीचा.

तिकडे मी तेव्हा पाणीपुरवठा खात्याच्या वार्षिक अहवालांचे खंड बांधत होते. जाड पुस्तकाची पाठ आतून पोकळ असते, पुठ्ठा आणि शिवण यांच्यामध्ये बोटभर फट. रोजच्या दोन गोळ्या पातळ कागदात गुंडाळून तिथे सरकवायचे. सातवा खंड मुद्दाम निवडला. म्हटलं, हा कुणी उघडणार नाही. माझ्या आयुष्यातला हा एकच अंदाज बरोबर ठरला.

आठवा महिना लागला आणि एक दिवस पुस्तकं दाबायच्या यंत्रापाशी डोकं फुटायला लागलं, डोळ्यांपुढे ठिणग्या नाचल्या. पुढचं मला आठवत नाही. आकडी आली होती म्हणे. शुद्धीवर आले तेव्हा पोट रिकामं होतं आणि निवांत काचेच्या पेटीत होता, माझ्या तळहातापासून कोपरापर्यंत लांबीचा. डॉक्टरांनी विचारलं, 'गोळ्या वेळेवर घेत होतात ना?' ताई पलंगाशी उभी होती. ती माझ्याआधी म्हणाली, 'माझ्या डोळ्यांदेखत.' आणि मी म्हटलं, हो.

एवढंच. एक 'हो'. मग तो उशिरा बसला, उशिरा चालला, उशिरा बोलला, आणि घरात कुणीतरी म्हणालं, त्या गोळ्यांनीच केलं. मी मान डोलावली. पुढच्या वेळी मीच सांगितलं. त्याच्या पुढच्या वेळी तर मला सांगताना रडूही यायला लागलं, इतकी मी त्यात मुरले. लोक म्हणायचे, बिचारीने डॉक्टरांवर विश्वास ठेवला! आणि मी बिचारी होऊन दुसऱ्यांदा चहा घ्यायचे.

गोळ्या घेतल्या असत्या तर तो वेळेवर आला असता का, घडाघडा बोलला असता का, मला माहीत नाही. पण न घेतलेल्या गोळ्यांनी त्याला काही केलेलं नाही, एवढं तर माझ्यासारख्या अडाणीलाही कळतं. आणि तुला मी पहिल्या पत्रात हे लिहू शकत होते. लाज वाटली, म्हणून मीठ कमी खा लिहिलं.

तुझा विश्वास बसणार नाही म्हणून आत्ताच ग्रंथपालांकडून कपाटाची किल्ली मागून घेतली आणि सातव्या खंडाची पाठ कापली. सोबत चार पुड्या ठेवल्यात. पिवळ्या पडल्यात, पण मोजून बघ, प्रत्येकीत दोन. खंडाला लावलेल्या कागदावर, कुणी कधी वाचायला नेला त्या तारखा मारतात ना, तिथे एकही तारीख नाही. एकतीस वर्षांत माझं पाप कुणी वाचायलासुद्धा नेलं नाही.

जा आता. वही खोटी आहे हे त्यांना सांग. मला शिव्या नंतर घाल.

मावशी

---

६ जुलै, दवाखान्यातून

मावशी,

आधी बातमी: आम्ही दोघंही बरे आहोत. आता शिव्या.

नको, राहू देत. मला घालायच्यात त्याच आधी संपत नाहीत.

दादा कारखान्याच्या फाटकाशी उभा होता. मी तिथेच पाकीट फोडलं. फुटेना, चाव्यांनी खरवडलं. तुझी खळ चांगली आहे, मान्य. उभ्या उभ्या वाचलं. दादाला म्हटलं, मला दवाखान्यात नेशील? तो म्हणाला, 'चल.' मावशी, लगेच म्हणाला! मी तोंड मिटायच्या आत. काय झालं, का, कशासाठी, काही विचारलं नाही. रस्ताभर एवढंच, 'आहे मी.'

१६८ आणि ११२. त्याच नर्सने मोजलं. मी वही तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, ही भिंतीची आहे. तिने पानं उलटली आणि फक्त म्हणाली, 'अक्षर सुंदर आहे तुमचं.' या वाक्याने मला जितकं मेल्याहून मेल्यासारखं झालं तितकं कुणाच्या ओरडण्याने झालं नसतं.

डॉक्टरीणबाईंनी खुर्ची ओढून घेतली आणि मला तुझी सगळी गोष्ट सांगू दिली. मग म्हणाल्या, अशा गोळ्या घेतलेल्या आयांच्या मुलांवर पुढे काही वर्षं लक्ष ठेवून पाहणी झालेली आहे. बोलणं, चालणं, समज, यात गोळ्यांपायी ठळक फरक दिसलेला नाही. छातीवर हात ठेवून शंभर टक्के सांगा म्हणाल तर ते मी सांगणार नाही, पण बीपी असं मोकाट सोडण्यातला धोका मला समोर दिसतोय. त्यांनी शंभर टक्के म्हटलं नाही, त्यामुळेच मला त्यांचं पटलं. मीही 'हुबेहूब तीच छटा' असा शिक्का कधी मारत नाही.

दादाबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, वेळेआधी आलेल्या मुलांना कधी कधी वेळ लागतो, आणि काही मुलं मुळातच सावकाश असतात. तो यातला कोणता, ते आता कुणालाच सांगता यायचं नाही.

इथे आई पलंगाशी बसून असते. तिला मी माझं सांगितलं, तुझं नाही. ते तुझं तू सांग. आणि तिच्याआधी दादाला. मी माझी वही उघडी करून दाखवली, मावशी. आता तुझी पाळी.

भिंगरी

---

१४ ऑक्टोबर

मावशी,

मुलगी झाली, ते आईने फोनवर सांगितलंच असेल. दोन आठवडे लवकर, डॉक्टरीणबाईंनी ठरवून आणवली. पावणेतीन किलो. आवाज असा की वॉर्डातली बाकीची बाळं गप्प बसून ऐकतात. तिच्या आईने शेवटपर्यंत गोळ्या घेतल्या आणि खऱ्या आकड्यांनी दुसरी वही भरली. ती इतकी खाडाखोडीची आहे की नर्सने मिठी मारली.

मुलगी पुढे कधी बोलेल, कशी शिकेल, मला माहीत नाही. उशिरा बोलली तर उशिरा ऐकू. दोष कुणावर ढकलायचा हे मात्र आधीपासून ठरवून ठेवणार नाही.

तुझ्याकडून तीन महिन्यांत दोन ओळींचं एक कार्ड, त्यावर नुसती पाऊसपाण्याची हकीकत. म्हणजे तू दादाला सांगितलेलं नाहीस. तो परवा बाळाला बघायला आला होता. अर्धा तास नुसता बघत बसला आणि जाताना म्हणाला, 'हिला गोळ्यांनी काही केलं नाही ना?' मी काय उत्तर द्यायचं होतं?

भिंगरी

---

३ नोव्हेंबर

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र आलं आणि मी आधी पाच पुस्तकं शिवली. मग ग्रंथपालांच्या टेबलाचे चारही पाय पुसले. ते म्हणाले, बाई, बरं वाटत नाहीय का? मग घरी गेले.

निवांत दुपारचं जेवत होता. मी समोर बसले आणि सगळं सांगून टाकलं, सातव्या खंडासकट. आवाज असा निघाला की दुसऱ्याच कुणाची तक्रार करतेय. तो ऐकत होता. जेवला. ताट घासलं. पायात बूट घातले आणि कामाला गेला.

तीन दिवस एक शब्द नाही. मी म्हटलं, संपलं. एकतीस वर्षं त्याला चारचौघांत 'गोळ्यांनी बिघडलेला' म्हणून मिरवलं, आता तो बोलणार नाही आणि बरोबरच करतोय. त्याच तीन दिवसांत ताईला फोन करून तिलाही सांगितलं. ती पाच मिनिटं रडली, पाच मिनिटं मला नको नको ते बोलली, आणि शेवटी म्हणाली, 'दोघींनी मला उल्लू बनवलं, आणि मी समोर पेला घेऊन उभी!' मग हसायला लागली ती थांबेना.

चौथ्या दिवशी सकाळी निवांत हत्यारांची पिशवी घेऊन माझ्यासमोर बसला. आतून स्क्रूंची पत्र्याची डबी काढली. उघडली. आत गोळ्या होत्या गं, भिंगरे. स्क्रू नव्हते, गोळ्या.

कंपनीच्या तपासणीत मे महिन्यातच त्याचं बीपी निघालं होतं. डॉक्टरने रोज एक गोळी दिली. हा दर महिन्याला इमानदारीत विकत आणायचा आणि डबीत टाकायचा. मी म्हटलं, 'मेल्या, का?' त्याने नेहमीसारखा वेळ घेतला. मग म्हणाला, 'पोटात असताना गोळ्यांनी माझं एवढं केलं. म्हटलं, उरलंय तेवढं तरी जपू.'

मी खूप रडले. तो थांबला. रडून झाल्यावर मी म्हटलं, माझ्यावर राग नाही का आला? म्हणाला, 'आला. तीन दिवस तेच करत होतो.' आणि मग म्हणाला, 'आई, मला वाटायचं, मी बिघडलेलाच आलोय. लिफ्ट उघडताना पण वाटायचं, आपल्या हातून नीट होईल का. ते आता जरा कमी वाटेल.' एवढं लांब तो आयुष्यात कधी बोललेला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं डॉक्टरकडे गेलो. डबी टेबलावर ठेवली. आता त्याची नव्याने गोळी सुरू झालीय, रोज सकाळी आठला. काल त्याने गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायला, आणि मी तशीच टक लावून बघत राहिले.

'बघतेस काय? तोंड उघडून दाखवू?' तो म्हणाला.

'दाखव,' मी म्हटलं. त्याने दाखवलं. जीभ वर करून, दोन्ही गाल ताणून. गेली होती.

मग त्याने फडताळातून माझ्या बीपीच्या गोळ्यांची पट्टी काढली. मलाही आहेत, दहा वर्षं झाली, आणि मी त्या कशा घेते हे मी तुला कुठल्याच पत्रात लिहिलेलं नाही. एक गोळी त्याने माझ्या हातावर ठेवली, पेला भरला आणि ताई उभी राहायची तसा समोर उभा राहिला. मी गिळली.

'आता तू दाखव,' तो म्हणाला.

मी आ केला.

तुझी,
मावशी